बसली नाय, बसवली

भात झोडून झालं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, रिकाम्या खाचरात वालाची पानं मातीतून डोकं वर काढायला लागली, की आमच्याकडं रस्त्यावर डांबर पडतं. पावसात रस्ता निघून जातो आणि थंडीत तो ठिगळं लावून परत येतो. यंदाही आलाय. आज सकाळी ओट्यावर बसलो होतो, तर वाऱ्यावर पेंढ्याचा वास, त्यात डांबराचा वास, आणि माझ्या बुडाला एकदम सगळं आठवलं. लोकांना जुन्या गोष्टी डोक्यात आठवतात. मी चौथीच्या पुढं शाळेत गेलो नाही, त्यामुळं डोकं तसं कोरंच राहिलं. माझ्या आठवणी बुडात आहेत. कुठल्या साली किन्हवलीचा रस्ता कसा होता, हे मला सीटवर नुसतं बसवलं तरी सांगता येईल.

आणि सगळ्यात जास्त आठवते ती माझ्या लाल गाडीची थंडी. दोन हजार साल उलटून गेलं होतं. कोणाची ती थंडी लग्नाची असेल, कोणाची बारशाची. माझी स्प्रिंग आणि जंपरची होती. जंपर म्हणजे शहरातले ज्याला शॉकअप म्हणतात तो. चाकाजवळ स्प्रिंग असते, ती गाडी तोलते, आणि स्प्रिंग उसळली की तिला आवरून धरणारा तेलाचा नळा असतो, तो जंपर. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल. मला एवढं कळायला मात्र अख्खी थंडी लागली, आणि त्याचा मला अभिमान आहे.

तेव्हा माझी वीटभट्टी जोरात चालत होती. भट्टीवाल्यांनी बंगले बांधले, वर सिमेंटचे गरुड बसवले. मी कल्याणला एका गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली पडलेली गाडी घेतली. दोन दरवाजांची, परदेशी, लालभडक, जोरात पळायलाच जन्माला आलेली. तिचा मालक देश सोडून गेला होता. पुढं दोन माणसं ऐसपैस. मागची सीट नावाला, पण आमच्याकडं नावालासुद्धा तीन बसतात.

गाडीत खोट एकच. उंच उभी होती. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधे माझी मूठ जायची. चिखल बघून लुगडं वर धरलेल्या बाईसारखी दिसायची. म्हसा गावच्या जत्रेतल्या बाजारात जातिवंत बैल बघा, खांदा खाली, छाती पुढं, चारी पाय जमिनीत रोवल्यासारखे. तो उभा असतो तरी निघाल्यासारखा वाटतो. मला माझी गाडी तशी पाहिजे होती. का पाहिजे होती, असं मला पुष्कळांनी विचारलं. डोळ्याला पाहिजे होती. माणसाच्या डोळ्याला काही पाहिजे असू नये असं थोडंच आहे?

आता किती खाली घ्यायची? शहरात यासाठी पट्ट्या, आकडे असतील. मी भाताच्या गोण्या काढल्या. मागच्या सीटवर गोण, डिकीत गोण, आणि दरवेळी लांब चिंचेखाली जाऊन डोळा बारीक करून बघायचं. गाडी मागून दबली पण पुढून नाकाड वरच. मग भट्टीवरचे दोन गडी बॉनेटवर बसवले. ही दारात उभी राहून बघत होती. ही म्हणजे हिरा, माझी बायको. आमच्या घरात मत एकच असतं, ते माझं. आणि निकाल एकच असतो, तो हिचा.

"भात भरडायला चाललाय, का गाडीला जेवायला वाढलाय?" तिनं विचारलं.

"रूप बघतोय."

"कोनाचं? त्या बॉनेटवरच्या दोघांचं?"

गडी हसले, गाडी हलली, आणि हलता हलता नेमकी त्या जागी आली, जिथं ती मला पाहिजे होती. चाकावर पत्रा असा आला, जशी भुवईवर टोपी यावी. मी तिथं बोटानं खूण केली.

आसनगावजवळ हायवेला वासू मिस्त्रीचं गॅरेज होतं. वासूचा हात चालायचा त्याच्या दुप्पट त्याचं तोंड चालायचं. तो म्हणाला, "नवी स्प्रिंग कशाला, दादा? आहे त्याचंच दीड वेटोळं उडवतो. अशी बसवतो का खालनं मांजर जायची नाय!" आणि त्यानं कटर लावून स्प्रिंगा कापल्या. ठिणग्या उडाल्या. संध्याकाळी गाडी खाली उतरली तेव्हा मी तिच्याभोवती फिरलो, दोनदा फिरलो. काय दिसत होती! आजही डोळे मिटले की तशीच दिसते.

शहापूरच्या बाजारात नेली. भाजीवाल्यापासून रॉकेलवाल्यापर्यंत सगळे एकच बोलले. "दादा, गाडी बसली वो तुमची!" "अरेरे, कधी बसली?" एकानं तर मागं येऊन धक्का मारायची तयारी दाखवली. मी प्रत्येकाला काच खाली करून सांगायचो, "बसली नाय, बसवली."

या दोन शब्दांवर मी तेव्हा फार विचार केला. बसणं वाईट. धंदा बसतो, आवाज बसतो, भिंत बसते, नांगराचा बैल मधेच बसतो. पण बसवणं? गणपती बसवतात. घट बसवतात. अंगठीत खडा बसवतात. जे आपोआप बसतं ते बिघडतं, आणि जे बसवतात त्याची पूजा होते. हे मला कोणी शिकवलं नाही, शहापूरच्या बाजारात काच खाली-वर करताना माझं मला सुचलं. पण खडा अंगठीत बसवणं सोपं. माझी हिरा गाडीत बसवणं अवघड होतं.

तसं पहिल्यांदा ती हौसेनं बसली. मुरबाडच्या पुढं तिचं माहेर. भावाला मुलगी झाली होती, बाळंतिणीसाठी हिनं डिंकाचे लाडू वळले होते. डबा मांडीवर घेऊन, नवं लुगडं नेसून ती पुढं बसली. घरापासून फाट्यापर्यंत ठीक. फाट्यावर शेजारची गंगूबाई आणि आणखी दोघं उभी, त्यांनी हात दाखवला. आमच्याकडं हात दिसला आणि गाडीत जागा असली तर थांबायचंच, त्यात विचार करायचा नसतो. त्या तिघांना मागं घातलं. आणि गाडीनं कण्हायला सुरुवात केली.

झालं होतं असं. गोण्या भरल्यावर गाडी जितकी दबली, तितकी मी ती रिकामी असतानाच दाबून टाकली होती. मग माणसं चढल्यावर तिनं आणखी जायचं कुठं? स्प्रिंगला दबायला जागाच उरली नव्हती. प्रत्येक खड्ड्यात पोट घासायचं, धाड करून लोखंडावर लोखंड आपटायचं, आणि ते सरळ पाठीच्या मणक्यात यायचं. पुढं ओढ्यावरच्या मोरीचा उंचवटा आला. तिथं सगळे एकदम वर गेले, एकदम खाली आले. गंगूबाई मागून ओरडली, "माझा दात पडला का बगा गो कोनी!"

किन्हवलीच्या स्टँडवर हिरानं डबा उघडून पाहिला. लाडू नव्हते. चुरा होता. तिनं झाकण लावलं आणि ती उतरली.

"कुठं चाललीस?"

"येष्टीत."

"आगो, पन गाडी हाय ना!"

"गाडी तुमची. कंबर माझी."

स्टँडवर माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. ती एस्टीत चढली, आणि मी माझी लाल गाडी घेऊन त्या एस्टीच्या मागं मागं तिच्या माहेरापर्यंत गेलो. एस्टीच्या मागच्या काचेतून पोरंटोरं माझ्याकडं बोट दाखवत होती. दारात तिचा भाऊ बाळू उभा. बैलांचा व्यापारी, जिभेला हाड नाही. म्हणाला, "दाजी, ताई येष्टीनं आन तुमी मागनं? पोचवायला आले का पकडायला?"

हे इथवर लिहिलं तेवढ्यात ही आतून ओरडली, "काय लिवताय मगापासून?"

"लाल गाडीचं."

"लाडवांचं लिवलंत का?"

"लिवलं."

"चुरा झालेला लिवलंत का?"

लिहिलंय बाई. सगळं लिहिलंय.

त्या दिवशी तिनं सांगून टाकलं, की त्या गाडीत आता बोलावून पण नाही आणि ओढून पण नाही. म्हशाच्या जत्रेला लग्नापासून आम्ही दोघं बरोबर जात आलो. आधी बैलगाडीतून, मग माझ्या ट्रकमधून. "यंदा मी येष्टीनं जाईन, तुमी तुमच्या बशीतून या," ती म्हणाली. गाडीला बशी म्हणाली! मला ते लागलं. मला कोणाशी पैज लावायची नव्हती, कोणाला हरवायचं नव्हतं. जत्रेच्या दिवशी ही आपल्या मनानं माझ्या शेजारी येऊन बसावी, एवढंच पाहिजे होतं. पण मी तिला "बस" म्हणणार नव्हतो. आणि गाडी परत उंच करणार नव्हतो. मी वासूकडं गेलो तर तो म्हणाला, "दोन्ही कसं जमंल, दादा? रूप घ्या नायतर कंबर घ्या." मी म्हणालो, दोन्ही घेतो. तू फक्त पाने सांभाळ.

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला. तिथं गाड्यांचं भारी सामान विकणारा एक शेठ होता. काचेच्या कपाटात लाल-पिवळ्या स्प्रिंगा मिठाईसारख्या मांडलेल्या. त्यानं सगळ्यात आखूड स्प्रिंग माझ्या हातात ठेवली.

"काका, ही घ्या. रेसवाली. गाडी रस्त्याला चिकटेल."

"चिकटल्यावर उचलायची कोनी? गाडीत माणसं चढली तर?"

"स्पोर्ट्स गाडीत कोण चढतं, काका? ती एकट्यानं चालवायची गाडी असते."

"आमच्याकडं एकटं कोनी जात नाय."

शेठ हसला. मी नाही हसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला उत्तर सापडलं होतं. सगळे मला विचारत होते, गाडी किती खाली पाहिजे. कोणी हे विचारत नव्हतं, की गाडीत कोण कोण बसणार. माझी गाडी फाट्यावर थांबणार, तिच्यात गंगूबाई बसणार, कोणाची टोपली बसणार, लग्नाला निघालेली माणसं बसणार. रिकामी असताना देखणी आणि भरल्यावर सुखी, अशी स्प्रिंग पाहिजे.

मी त्याचं अख्खं कपाट खाली काढायला लावलं. शेवटी एक जोड मिळाला. त्यात वरची वेटोळी एकमेकांच्या जवळ जवळ होती, खालची लांब लांब आणि दमदार. हातानं दाबली की आधी मऊ जाते, मग अडते. शेठ म्हणाला, "पण काका, ह्यानं गाडी फक्त दोन बोटं खाली येईल." मी म्हणालो, "दोन बोटं पुष्कळ झाली. टोपी दोन बोटं खाली घेतली की मानूस रुबाबदार दिसतो. चार बोटं घेतली की आंधळा." मी माझा हट्ट सोडला असं समजू नका. मी माझा हट्ट नीट बसवला.

स्प्रिंगा घातल्या, पोट घासायचं थांबलं. पण आता गाडी होडीसारखी डुलायला लागली. एका खड्ड्यात गेली की पुढचे तीन झोके फुकट. गंगूबाईला मळमळलं. वासू म्हणाला, स्प्रिंग वाईट. मी म्हणालो, स्प्रिंग चांगली आहे, तिला आवरणारा म्हातारा झालाय. मी आयुष्यभर बैल धरलेत. बैलात जोर असून भागत नाही, कासरा धरणारा हात पाहिजे. स्प्रिंग म्हणजे बैल, जंपर म्हणजे कासरा. नवा दमदार बैल घेतला आणि कासरा जुना, कुजलेला. तो उधळणारच.

मग नवे जंपर आणले. त्यांच्या डोक्यावर एक चकती होती, फिरवली की खट् खट् वाजायची. एका अंगाला फिरवली की जंपर कडक, दुसऱ्या अंगाला सैल. वासूनं आपल्या अकलेनं पार कडक करून ठेवले. "रेसवाले असेच ठेवतात," म्हणाला. गाडी डुलायची थांबली, पण थरथरायला लागली. रस्त्यावरचा खडा न खडा मोजून सांगायची. कासरा इतका ओढला की बैलाला मानच हलवता येईना. मी चकती माझ्या हातात घेतली, ती परत वासूला दिली नाही.

मग सुरू झाला माझा खरा हंगाम. रोज सकाळी शहापूर ते किन्हवली. भातसा नदीवर धुकं, ते काचेवर यायचं. वालाच्या शेतांवर दव. कुठंतरी गुऱ्हाळासारखा गोड धूर, पेंढा पेटवलेला. फाट्याफाट्यावर हात वर. मी सगळ्यांना घ्यायचो. मला वजनं फुकट मिळत होती आणि त्यांना गाडी. उतरताना मी प्रत्येकाला विचारायचो, "कसं वाटलं?" लोक आधी भाड्याचं विचारतोय असं समजून कावरेबावरे व्हायचे. मग बोलायला लागले. एक मावशी म्हणाली, "पाटावर बसून वढत नेल्यावानी." मी एक खटका सैल केला. एक जण म्हणाला, "मागनं कोनतरी ढकलतंय असं वाटतं." मागचा एक खटका सैल केला, पुढचा तसाच ठेवला. चाकं आतल्या अंगानं झिजायला लागली होती, गाडी खाली घेतली की ती तिरपी होतातच, ती सरळ करून घेतली.

धर्माबुवा नावाचा एक म्हातारा रोज एका वाडीजवळ चढायचा. त्याचं बोलणं औषधासारखं थोडं. एकदा म्हणाला, "काल गाडीला हुडहुडी भरली व्हती. आज उतार हाय." मी खूश. मग एका सकाळी आरशात बघतो तर धर्माबुवा मागं विडी तोंडात धरून काडी ओढतोय. पुढं तीच मोरी, तोच उंचवटा. मी वेग कमी केला नाही. गाडी चढली, उतरली, एकदाच खाली गेली, एकदाच वर आली, आणि स्थिर. आरशात पाहिलं. काडी विडीच्या तोंडाशी होती. विडी पेटली होती! चालत्या गाडीत, मोरीवर, तीन माणसं मागं असताना!

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. खाली उतरलो आणि शेताच्या बांधावर उभा राहून मोठ्यानं हसलो. धर्माबुवाला वाटलं, विडी ओढल्याचा राग आला. "टाकतो, दादा, टाकतो," म्हणाला. मी म्हणालो, "टाकू नको! आनखी एक पेटव."

आता या गोष्टीवर लोक मला विचारतात, एवढा खटाटोप एका गाडीसाठी? मी म्हणतो, हो. नांगर जड जातो म्हणून शेतकरी त्याचा कोन बदलत बसतोच ना. घर बांधताना चुलीचं तोंड कुठल्या दिशेला, यावर आमच्याकडं चार दिवस वाद होतात. माणसाच्या बुडाखाली जे असतं त्याच्याकडं मात्र लक्ष द्यायचं नाही, हे कुठलं शहाणपण? दाखवण्यासाठी गाडी खाली घेणारे पुढं पुष्कळ निघाले. त्यांच्या गाड्या बसलेल्याच राहिल्या.

घरी मी हिराला काहीच सांगितलं नाही. विडीचं नाही, खटक्यांचं नाही. पण फाट्यावर उतरून गेलेल्या बायका पाणवठ्यावर बोलतच असणार.

पौषातली पुनव आली. जत्रेची सकाळ. अंगणात गारठा, तोंडातून वाफ. ही लवकर आवरून, गाठोडं घेऊन, माझ्याकडं न बघता निघून गेली. एस्टीला. मी गाडी पुसली. पुसलेलीच होती, परत पुसली. मग काढली.

फाट्यावर चारपाच बायका शेकोटीभोवती उभ्या होत्या, एस्टीचा पत्ता नव्हता. मी लांबूनच हिचं लुगडं ओळखलं. मनाशी ठरवलं होतं, समोर बघायचं आणि सरळ जायचं. मी बोलावणार नाही म्हणालो होतो, म्हणजे नाही. गाडी जवळ आली. आणि हिरानं हात वर केला. जसा कोणीही, कोणत्याही गाडीला करतं तसा.

हात दिसल्यावर थांबायचंच असतं. मी थांबलो. काच खाली केली.

"म्हशाला जाते का?" तिनं विचारलं. चेहरा असा, जसा मला कधी पाहिलाच नाही.

"जाते."

"जागा हाय का?"

"पुढं एक हाय. मागं दोघीतिघी बसतील."

गंगूबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगो हिरे, नवऱ्याला हात दाखवतेस?"

"नवऱ्याला नाय गो. गाडीला."

ती बसली. मागं गंगूबाई आणि आणखी दोघी बसल्या. मोरी आली. मी तिच्याकडं बघितलं नाही, फक्त तिच्या हातांकडं बघितलं. गाठोड्यावर सैल पडलेले होते. गाडी चढली, एकदा खाली, एकदा वर. हात तसेच. मागं गंगूबाई कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होती, ते वाक्य तिनं मोरीवर मधे न तोडता पुरं केलं.

मुरबाडच्या बाजारात बायका उतरल्या, त्यांना बांगड्या घ्यायच्या होत्या. राहिलो दोघं. मी मनात वाक्य जुळवत होतो. स्प्रिंगचं सांगू का, चकतीचं सांगू, का कल्याणच्या शेठचं? घसा खाकरून वळलो, तर हिरा झोपली होती. मान काचेला टेकलेली, तोंड जरासं उघडं. दिवसाउजेडी, नव्या लुगड्यात, माझ्या गाडीत, गाढ झोपली होती.

मला आयुष्यात पुष्कळ मान मिळाला. भट्टीवाल्यांनी पुढारी केलं, जत्रेत पंचांनी फेटा बांधला. पण तसं कधी वाटलं नाही, जसं त्या रस्त्यावर वाटलं. छाती इतकी भरून आली, की सीटबेल्ट आखूड पडला असता.

म्हसा आलं. दोन्ही बाजूंनी बैल, घुंगरं, घोंगड्यांचे ढीग, जिलेबीचा धूर. रस्त्यात बैलच बैल. मी हॉर्न वाजवला नाही. बाळू मेव्हण्यानं गाडी ओळखली आणि दात काढत खिडकीशी आला. त्याच्या ओठावर काहीतरी होतंच. मी ओठावर बोट ठेवलं. त्यानं वाकून आत पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. मग त्या बाळूनं, जो जन्मात गप्प बसला नव्हता, काही न बोलता मागं फिरून हातातल्या काठीनं माझ्यासाठी बैल बाजूला केले.

वाट मोकळी झाली, आणि मला थांबवेना. थांबलो असतो तर ती जागी झाली असती. मी जत्रेतून सरळ पुढं निघालो. देऊळ गेलं, बाजार गेला, माणसं विरळ झाली, मग नुसतं रान. दोन्हीकडं कापलेल्या भाताची पिवळी खाचरं आणि मधून माझी गाडी, दोन बोटं खाली, जमिनीला धरून.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. बाहेर बघितलं.

"ह्यो कुठला डोंगर?"

"म्हशाच्या पुढचा."

"म्हंजे म्हसा मागं राह्यलं?"

"राह्यलं."

मी वळवायला जागा शोधायला लागलो. तेवढ्यात तिनं चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले, घरच्या ओट्यावर घालते तशी सीटवर मांडी घातली आणि म्हणाली,

"जत्रा काय, उद्या पन हाय. चालू द्या."